पॅनलवरचा बर्फ

पोटमाळ्याच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन ऋषभ लांब दांड्याच्या वायपरनं सोलर पॅनलवरचा बर्फ ओढत होता. डोक्याला माकडटोपी, कानात ऑफिसची मीटिंग. बर्फ पडल्यापासून ॲपवर वीज शून्य दिसत होती, आणि शून्य दिसलं की या माणसाला चैन पडायचं नाही. खाली एनस्खेडे या डच शहरातली ती गल्ली अगदी गप्प होती. कोरोनाच्या त्या हिवाळ्यात कुठली गल्ली गप्प नव्हती म्हणा.

एकदम अख्खा थर सुटला आणि धप्पकन खाली गेला. केवढा पडला ते बघायला त्यानं मान पुढे काढली.

रस्त्याच्या दोन्ही कडांना, दीड-दीड मीटर सोडून, शेजारी उभे होते. मध्ये काळी शववाहिका. शेजारच्या ट्रूसबाईंच्या दारापासून गाडीपर्यंत कुणीतरी बर्फ उपसून वाट केली होती. ऋषभचा बर्फ नेमका त्या वाटेवर पडला होता. सगळे वर बघत होते. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

भिंतीला भिंत लागून घर. ट्रूसबाईंचा नवरा गेला आणि याला गंधवार्ता नाही. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं असणार, पण तो डच ग्रुप यानं कधीचाच म्यूट करून टाकला होता.

मीटिंग तशीच सोडून, सपाता घालून तो खाली धावला आणि फावड्यानं वाट मोकळी करू लागला. शरमेनं कान तापले होते. मान वर करायची हिंमत होईना.

वाट झाली तशा ट्रूसबाई दारात आल्या. काळा कोट, सुजलेले डोळे. "सॉरी," तो फावडं बाजूला धरून म्हणाला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही भारतात गेला आहात. घरी असता तर आलाच असता तुम्ही."

आता खरं सांगून तोंड कुठं लपवायचं?

"हो ना," तो म्हणाला. "कालच आलो."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. परदेशातून आलेल्यानं दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही पाठ होतं. दोन्ही रांगा एकेक पाऊल मागे सरकल्या. ट्रूसबाईंनी मफलर नाकावर ओढला.

शववाहिकेजवळच्या काळ्या हॅटवाल्या माणसानं हात अदबीनं ऋषभच्या दाराकडे केला. तो आत गेल्याशिवाय शवपेटी बाहेर काढणार नव्हते.