सकाळी सहाचा वास

"चोराला परवाना तुम्हीच दिलात साहेब, आणि वर त्याच्या राखणीलाही तुम्हीच बसलात!"

बाईंनी टेबलावर हात आपटला तशी परवाना-अधिकाऱ्याच्या चहाची बशी नाचली. बाई निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं खडू झिजवला, आवाज मात्र झिजला नव्हता.

टेबलाच्या एका बाजूला मोठ्या दुकानाचा मॅनेजर बसला होता, कडक इस्त्रीतला. दुसऱ्या बाजूला बेकरीवाले दादा, अंग चोरून. दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून. बाईंचं घर रस्त्यापलीकडे, पहिल्या मजल्यावर.

"बाई, चोरी कसली पण? वासाची?" अधिकारी म्हणाला.

"वासाचीच! यांच्याकडे पाव भाजतच नाहीत. भाजलेले, गोठवलेले ट्रकमधून येतात. भिंतीवर एक यंत्र आहे, त्यात बाटली उपडी केली की झाला ताज्या पावाचा वास. दुकानात सोडतात तो सोडतात, नळी काढून रस्त्यावरही सोडतात. माणूस वासामागे आत जातो. मी स्वतः गेले. साबणाची एक वडी आणायला गेले आणि दोन पिशव्या भरून आले. घरी येऊन बघते तर साबणच नाही!"

मॅनेजरला हसू आवरेना. "मॅडम, गिऱ्हाइकाला प्रसन्न वाटावं एवढाच हेतू. सगळीकडे करतात."

"सगळे करतात म्हणून मी पण केलं, हे मी तिसरीतल्या पोरांकडून ऐकून घेतलेलं नाही. तुमच्याकडून घेईन?"

नाक दाबलं की तोंड उघडतं, अशी जुनी म्हण आहे. या लोकांनी तिच्यात सुधारणा केली होती. नाक कुरवाळलं की पाकीट उघडतं. सही नाही, पावती नाही, विचारणं नाही. माणसाला न विचारता त्याच्या डोक्यात शिरायचं आणि वर म्हणायचं, प्रसन्न वाटावं म्हणून!

पण बाईंचा खरा संताप दादांसाठी होता. चाळीस वर्षांची बेकरी. हे दुकान शेजारी आल्यापासून दादांची गिऱ्हाइकं एकेक करून गळत चालली होती. दादा तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. उद्या कुलूप लागलं असतं तरी त्यांनी किल्ली मुकाट खिशात टाकली असती. आणि बाईंना ते कुलूप परवडणारं नव्हतं. नवरा गेल्यापासून घरात त्यांना उठवणारं कुणी उरलं नव्हतं. सहाला खिडकी उघडायची, दादांच्या भट्टीचा वास आत आला की चहा ठेवायचा. त्या वासावर त्यांचा दिवस उभा राहत होता.

म्हणून बाई दारोदार फिरल्या. दोनशे तेरा सह्या जमवल्या. सगळ्यात कठीण सही दादांचीच गेली.

"राहू द्या ना बाई. पोटापुरतं मिळतंय मला," ते म्हणाले होते.

"पोटापुरतं मिळतंय म्हणून लुटू द्यायचं? करा सही!"

दादांनी केली. शाळेत मार खाल्लेलं पोर करतं तशी.

अधिकाऱ्याने कागद उलटसुलट केले. "पण बाई, शेजारी खरी बेकरी आहे. कुठला वास कुणाचा, हे ठरवायचं कुणी?"

"मी ठरवते की! सकाळी सहाचा वास दादांचा. खरपूस, थेट पोटात उतरणारा. संध्याकाळचा यांचा. गुळमट, बाटलीतला. लहान पोरही सांगेल."

मॅनेजरने दादांकडे पाहिलं. दादांनी फरशीकडे.

"काका, तुमचंही हेच म्हणणं?" मॅनेजरने हळू विचारलं. "यंत्र कायमचं काढून टाकू? नक्की?"

"मी काय म्हणतो बाई..." दादांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"धमकी देतोय तो तुम्हाला, कळत नाही का? घाबरू नका!" बाई कडाडल्या. "काढा म्हणावं, आजच्या आज काढा!"

अधिकाऱ्याने हुकूम लिहिला. जिना उतरताना दादा म्हणाले, "माझ्यासाठी एवढं करायला नको होतं तुम्ही."

"आभार कसले मानता? उद्यापासून छाती पुढे काढून बसा."

संध्याकाळी यंत्र उतरलं. नळीही निघाली. रस्त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी सगळ्यांत जोरात.

दुसऱ्या दिवशी सहाला बाईंनी खिडकी उघडली. हवा नुसती हवा होती. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. काही नाही. सव्वासहा झाले, साडेसहा झाले.

बाईंनी चहा ठेवलाच नाही. भट्टी पेटली नाही म्हणजे माणूस आजारी. कालचा धसका घेतला असेल. नाहीतर त्या मॅनेजरने रात्रीतून काही केलं असेल. त्या स्लिपर उलटसुलट घालूनच जिना उतरल्या.

बेकरी उघडी होती. दादा गल्ल्यामागे धडधाकट बसले होते. फळ्या पावांनी भरलेल्या. रांगेत चार माणसं, चौघंही नाक वर करून काहीतरी शोधत असल्यासारखी.

"बरे आहात ना?" बाईंनी धापा टाकत विचारलं.

"बरा आहे."

"मग आज वास का नाही हो?"

दादा कागदात पाव गुंडाळत राहिले. गुंडाळलेला पाव त्यांनी सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

बाई रांग ओलांडून आत गेल्या. "बाई, तिकडे नको," दादा म्हणाले, पण उठले नाहीत. बाईंनी मागचा पडदा सारला.

मागच्या दाराशी निळे क्रेट एकावर एक रचले होते, प्रत्येकावर शेजारच्या मोठ्या दुकानाचं नाव. भट्टी रद्दीच्या गठ्ठ्यांनी तोंडापर्यंत भरलेली होती. बाई पडदा मुठीत धरून वळल्या.

"या भट्टीत शेवटचा पाव कधी भाजलात, दादा? बोला!"