चाकाला चाक

समोरून टिब्जच्या बँडचा गाडा येताना दिसला तसा ऑक्टाव्ह रोशों हाकणाऱ्यावर ओरडला, "डावीकडं घे! डावीकडं!"

पण उशीर झाला होता. ड्यूमेन रस्त्याच्या चौकात लोकांनी रिवाजाप्रमाणे दोन्ही गाडे अडवले, खेचरं सोडून बाजूला नेली आणि चाकाला चाक लावून साखळीनं करकचून बांधलं. आता दोघांतला एक बँड हरल्याशिवाय सुटका नव्हती. रविवारची दुपार, अर्धं न्यू ऑर्लिन्स रस्त्यावर. इथं जो जिंकेल, संध्याकाळी गर्दी त्याच्याच बँडच्या नाचाला जाणार.

या चौकात पंधरा वर्षांत ऑक्टाव्हला कुणी हरवलं नव्हतं. आठवडाभर तो लोकांच्या भिंतींना गिलावा करायचा. रविवारी गाड्यावर चढून ट्रम्पेट तोंडाला लावला की गल्ल्याच्या गल्ल्या त्याच्यामागं धावायच्या. पण गुरुवारी तो परांचीवरून पडला होता. पुढचा दात हलत होता, ओठ आतून फाटला होता. हे एकट्या झेनोला, त्याच्या क्लॅरिनेटवाल्याला, ठाऊक होतं.

"काय मास्तर, डावीकडं काय आहे? म्हाताऱ्यांचा दवाखाना?" टिब्जनं विचारलं.

गर्दी खो खो हसली. बस्टर टिब्ज तेवीस वर्षांचा होता. चार वर्षं ऑक्टाव्हच्याच गाड्यावर, त्याच्या शेजारी उभा राहून ट्रम्पेट वाजवत होता. गेल्या हिवाळ्यात ऑक्टाव्ह सगळ्यांदेखत त्याला म्हणाला होता, "तू वाजवत नाहीस, भुंकतोस." दुसऱ्या दिवशी टिब्ज आलाच नाही.

"अरे, माझ्या खेचरांना तुझ्यापेक्षा जास्त सूर कळतो," ऑक्टाव्ह म्हणाला. "चल, भुंक!"

टिब्जनं सुरुवात केली. ट्रम्पेट असा गरजला की वरच्या मजल्यांच्या खिडक्या धडाधड उघडल्या. वर, आणखी वर, आणि तिथंच धरून ठेवलेला एक लांबलचक सूर. कोलंबी विकणाऱ्या मादाम युजेनीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"अगं बाई, याला श्वास घ्यावा लागतो की नाही?"

टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत. झेनो ऑक्टाव्हच्या कानाशी लागला. "ताप आलाय म्हणून सांग. हवं तर मी सांगतो."

"गप रे. आपलं ते संथ गाणं घे. एकदम हळू."

ऑक्टाव्हनं डोक्यावरची हॅट काढून ट्रम्पेटच्या तोंडावर धरली. ट्रम्पेट ओठांच्या मधोमध न लावता उजव्या कोपऱ्यात लावला आणि कुणाच्या तरी कानात बोलावं तसा वाजवायला लागला.

"मोठ्यानं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तूच पुढं ये ना, मेल्या!" मादाम युजेनी खेकसली.

आणि लोक खरंच पुढं आले. टिब्जच्या गाड्याला खेटून उभे असलेलेसुद्धा पाठ फिरवून इकडं सरकले. सूर ठोक्याच्या जरा मागून यायचा, दारात क्षणभर थांबून मग आत येणाऱ्या पाहुण्यासारखा. एका म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग ऑक्टाव्हनं पाय आपटला, ढोलवाल्यानं लय वाढवली, हॅट उडाली आणि अख्खा चौक नाचायला लागला.

गाण्याचा आणखी एक फेरा, की बाजी त्याची. गर्दीकडं बघता बघता ऑक्टाव्ह ओठाचं विसरला. ट्रम्पेट मधोमध आला. त्यानं वरच्या सुराला हात घातला.

सूर चिरकला आणि बंद पडला. ट्रम्पेट खाली आला तेव्हा हनुवटीवर रक्त होतं.

ढोल एकटाच वाजत राहिला. नाचणारे जागच्या जागी थबकले.

"संपला म्हातारा!" टिब्जचा ट्रॉम्बोनवाला ओरडला. "बस्टर, उडव त्याला!"

टिब्जनं ट्रम्पेट उचलला. ऑक्टाव्हनं डोळे मिटून घेतले.

टिब्जच्या ट्रम्पेटमधून सूर आला तो ऑक्टाव्हचाच. जिथं तुटला होता, नेमका तिथून. तेच गाणं, तेच दारात थांबणं, फेऱ्याच्या शेवटी ऑक्टाव्हसारखीच अर्धवट सोडून दिलेली ओळ. झेनो आ वासून बघत राहिला, मग घाईघाईनं क्लॅरिनेट तोंडाला लावून त्यात शिरला. दोन्ही गाड्यांचे ढोल एक झाले. गर्दीत कुणीतरी आरोळी ठोकली आणि चौक पुन्हा उसळला. तिसऱ्या फेऱ्याला टिब्जनं ते गाणं अलगद उचललं आणि जिथं ऑक्टाव्ह कधी गेला नव्हता तिथं नेलं. वर, पण न भुंकता.

ऑक्टाव्ह गाड्यावरून खाली उतरला. गाणं चालू असताना त्याला रस्त्यावर उभं राहिलेलं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. रुमाल तोंडाशी धरून तो गर्दीतून वाट काढत चौकाच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथं उभा राहून ऐकू लागला.

"हरलात का हो, मास्तर?" मादाम युजेनीनं हळूच विचारलं.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. डोळे लहान पोरासारखे लकाकत होते.

"हे इथून असं ऐकू येतं होय?" तो म्हणाला. "पंधरा वर्षं तुम्ही सगळे हे ऐकत होता, आणि मला एकानंही सांगितलं नाही?"

रुमाल खिशात कोंबून त्यानं तिचा कोलंबीनं ओला झालेला हात धरला आणि नाचायला लागला.