म्हातारपणाची सोय

म्हातारपणाची सोय माणसाने तिशीतच करावी, असं शमशुद्दीन सर मस्कतमध्ये प्रत्येक नव्या इंग्रजी शिक्षकाला बजावत. त्यांनी स्वतः कर्वेनगरात फ्लॅट घेऊन ठेवला होता. एकतीस वर्षं शिकवून सर निवृत्त होऊन परतले, तर फ्लॅटची दारं-खिडक्या काढून नेलेल्या.

"अहो, न विचारता इमारत पाडताय?" ते सोसायटीच्या सेक्रेटरी आम्रपालीताईंवर कडाडले.

"विचारलं ना. पुनर्विकासाचं संमतीपत्र तुम्हाला पाठवलं होतं." ताईंनी कागद पुढे केला. त्यातल्या इंग्रजीच्या तेवीस चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या होत्या.

"मी फक्त तपासलं होतं!"

"आणि सही केलीत. नव्या फ्लॅटचा ताबा पाच वर्षांनी."

कागदाच्या तळाशी सरांची सवयीची सही होती, आणि शेजारी शेरा: 'प्रयत्न चांगला.'