तवा ठेवायची वेळ

घाट चढताना योगीराजची पिकअप दम टाकायची अन् नुसती शिट्टी मारायची. येरमाळ्याच्या कोंडिबा मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, त्याला रेस द्यायला लावली आणि टर्बोच्या रबरी पाइपवरून हात फिरवला. चिरेतला वारा बोटांना लागला.

"टर्बोची हवा हितनंच जातीय, शिट्टी बी हितनंच. पाइप बदलावा लागंल."

"आबा, गाडी आधी तुमच्याच अमरदीपची. त्याच्या ध्यानात कसं आलं न्हाय?"

आलं होतं की. पण लेक म्हणायचा, "राहू द्या आबा. घाटातनं शिट्टी ऐकली की आई तवा ठेवती. मी दारात येईस्तोवर गरम भाकरी तयार."

अमरदीप वारला, गाडी योगीराजला विकली. तरी शिट्टी ऐकली की त्याची आई मुक्ताबाई अजून तवा ठेवायच्या.

त्यांनी नवा पाइप बसवला, क्लिप घट्ट आवळली.

संध्याकाळी पिकअप गपगुमान दारावरून निघून गेली. मुक्ताबाई चुलीपाशी पीठ मळून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आज अजून गाडी न्हाय आली व्हय?"

कोंडिबांनी उठून स्वतःच्या हातानं तवा चुलीवर ठेवला.