तिसरा चौकोन

सकाळपासून मास्तर नव्या पोरीने बनवलेल्या वेबसाइटच्या पानात खोट शोधत होते. ऑफिसात सगळे त्यांना मास्तरच म्हणत. वेबसाइटचं पान एका ब्राउझरात सरळ आणि दुसऱ्यात वाकडं दिसलं, की ते निस्तरायचं काम बारा वर्षं मास्तरच करत आले होते. आणि ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी नवं मोठं काम सोपवायचं ठरवलं होतं ते आठ महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीवर. कारण काय, तर तिचं पान कुठेही उघडा, हलत नाही.

मास्तरांच्या पोटात दुखत होतं आणि ते त्यांना स्वतःलाही कळत होतं.

एक ब्राउझर झाला, दुसरा झाला. फोनवर पाहिलं, टॅबलेटवर पाहिलं. पान ढिम्म. शेवटी त्यांनी कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर सुरू केला. तिथे एका ओळीत उभे राहायच्या तीन चौकोनांपैकी दोनच उभे होते, तिसरा खाली घरंगळला होता. मास्तरांना चहा न पिताच तरतरी आली.

"मॅडम, जरा येता का?"

मॅडम आल्या, पोरगी आली, रिकामटेकडे दोघे-चौघेही आले.

"नवी माणसं हुशार असतात हो," मास्तर म्हणाले. "पण जुन्या ब्राउझरांशी संसार करणं म्हणजे खायचं काम नाही."

पोरगी गोरीमोरी झाली. "हा बघायचा राहिला माझ्याकडून."

"मग दुरुस्त कोण करणार?" मॅडमनी विचारलं.

"मी आहे ना." मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. पानाच्या मांडणीची फाइल उघडून ते एकेक ओळ तात्पुरती बंद करून बघू लागले. वीस-पंचवीस ओळी झाल्या आणि तिसरा चौकोन टुणकन वर येऊन आपल्या जागी उभा राहिला.

"सापडली," म्हणत त्यांनी मागच्यांना दिसावं म्हणून अक्षरं मोठी केली.

ओळ त्यांचीच होती. आता कोणी उघडतही नाही अशा, याहूनही जुन्या एका ब्राउझरसाठी त्यांनी आठ वर्षांपूर्वी लावलेलं ठिगळ, पोरीने जुन्या फाइलीतून जसंच्या तसं आणलेलं. शेजारी तिची टीप होती: 'ही ओळ कशासाठी ते मला कळलं नाही. पण मास्तरांनी घातली आहे, म्हणजे काही कारण असणार. काढू नये.'

मॅडमनी टीप दोनदा वाचली.

"काढायची का, मास्तर?" पोरीने विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्यांना सोसला असता.