दोन जनाई

पत्रिका प्रिंटरमधून बाहेर आली, तेव्हा नवरदेवाच्या नावाच्या जागी नुसते काने, मात्रा आणि फुल्या होत्या. कल्याणच्या छापखान्याचे मालक राघोशेठ यांनी ती चंदूसमोर आपटली.

"बिलांसाठी तुमची 'जनाई' टाकली, तर तुमच्या भावाची 'जनाई' पुसली गेली. माझ्या पत्रिका तिच्यावर चालतात. दोघांपैकी एकाने नाव बदला, नाहीतर मी दुसऱ्या कुणाचं तरी घेतो."

चंदूसोबत आलेल्या त्याच्या बायकोने, उत्तराने, पत्रिका घडी घालून पर्समध्ये ठेवली.

'जनाई' म्हणजे संगणकावर मराठी लिहायचं सॉफ्टवेअर. ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या चंदू आणि सहदेव या भावांनी ते मिळून केलं आणि आईचं नाव दिलं. मग जोडाक्षरं कशी बसवायची, यावरून दोघांचं वाजलं. सहदेव ठाकुर्लीला निघून गेला. चंदूने ठाण्यातच, खोपटच्या राहत्या घरी, पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं. दोघांनी आपापल्या 'जनाई'त बरंच काही बदललं. नाव मात्र एकानेही सोडलं नाही. आणि एका संगणकात त्या नावाची एकच राही. दुसरी आली की पहिली पुसली जाई.

"आईचं नाव मी बदलणार नाही," चंदू घरी येताच म्हणाला.

"नका बदलू. पण भावजींनीही का बदलावं?"

उत्तरा स्वतः प्रोग्राम लिहायची. नाव तेच ठेवून तिने त्यामागे आकडा लावला. चंदूची एक, सहदेवची दोन. दोघींना वेगळ्या जागा. बिलांच्या, पत्रिकांच्या प्रत्येक प्रोग्रामने सुरू होतानाच सांगायचं, मला अमकी हवी. त्याला तीच मिळेल. आता हवी होती ती सहदेवची फ्लॉपी.

ती ठाकुर्लीला गेली. सहदेवने ती बिघडलेली पत्रिका उलटसुलट पाहिली. "कुणाच्या तरी लग्नाची आहे ही," तो हळूच म्हणाला. फ्लॉपी खिशात टाकून तो तिच्यासोबत निघाला. भांडणानंतर खोपटच्या घराची पायरी तो पहिल्यांदाच चढत होता.

आधी बिल निघालं. स्वच्छ. मग त्याच संगणकावरून पत्रिका निघाली. नवरदेवाचं नाव जोडाक्षरासकट उमटलं.

"माझी बायको आहे," चंदू म्हणाला. त्याची छाती फुगली होती.

"माझी वहिनी आहे," सहदेव म्हणाला.

"एक राहिलंय," उत्तरा म्हणाली. "ज्या प्रोग्रामने काहीच सांगितलं नाही, त्याला कुठली द्यायची? नवीन गिऱ्हाइकाकडे तीच जाईल."

चंदूने कीबोर्ड पुढे ओढून कुठलासा आकडा दाबला. सहदेवने तो पुसला आणि वेगळा टाकला. चंदूने त्याचा हात झटकला. आवाज चढले. खुर्ची मागे कलंडली.

आतून त्यांची आई, जनाबाई, धावत आल्या. इतक्या दिवसांनी घरी आलेला धाकटा, आणि पुन्हा हेच! "काय रे पोरांनो, परत भांडाया लागलात?"

"हो आई," उत्तरा डोळे पुसत हसली. "हे म्हणतात सहदेवची आधी, आणि भावजी म्हणतात, नाही, दादाचीच."