ओट्यावरचा खळगा

पृथ्वीवर पाण्याच्या थेंबाइतकं बलाढ्य दुसरं काही नाही, असं भूगोलाचे सर नोकरीभर वर्गात सांगत आले. घरातला नळ ठिबकू लागला की मात्र ते काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणत, "एवढंसं पाणी, त्यानं काय होतंय?"

आज स्वयंपाकघरातला जुना ओटा फुटणार होता. फिकट चुनखडीची फरशी जाऊन तिथे काळा, चकचकीत दगड बसणार होता. संसारात काकूंनी हट्टानं मागितलेली ही पहिलीच गोष्ट, त्यामुळे सरांनी ती ताबडतोब, म्हणजे सहा वर्षांत, मान्य केली होती.

गवंड्यानं छिन्नी-हातोडी काढली आणि सुरुवात कुठून करू, असं विचारलं. काकूंनी नळाशेजारी बोट ठेवलं. "इथून. इथे पातेलं डुगडुगतं."

वर्तमानपत्र हातात घेऊन लुडबुड करायला आलेले सर वाकले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. फरशीत वाटीएवढा गुळगुळीत खळगा पडला होता आणि त्यातून एक बारीक पन्हळ वळणं घेत नळाखालच्या मोरीकडे उतरली होती. असलाच मुलूख दाखवायला ते दरवर्षी पोरांची सहल घेऊन रात्रभर गाडीत अवघडून जात.

"हे विदारण आहे," सर म्हणाले, आणि तास सुरू झाला. पावसाचं पाणी हवेतून आंबटपणा घेऊन येतं, चुनखडीच्या भेगांत शिरतं आणि दगड विरघळवून नेतं. मग डोंगर आतून पोकळ होतात, गुहा तयार होतात, नद्या जमिनीत गडप होतात, आणि एखाद्या सकाळी अख्खं शेत खाली बसतं. गवंडी रोजावर होता, त्यामुळे त्यानं अगदी मन लावून ऐकलं.

शेवटी सरांचा घसा बसला. "पण ओट्यावर पाऊस कुठला?" ते घोगऱ्या आवाजात पुटपुटले.

"लिंबं," काकू म्हणाल्या.

रोज संध्याकाळी सर कॉलेजातून असाच बसलेला घसा घेऊन येत. दिवसभर डोंगर पोखरून आलेल्या माणसाला गरम पाण्यात लिंबू लागे. काकू ते इथेच पिळत. निम्मं पेल्यात जाई, निम्मं फरशीवर.

"अगं, मग कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही गुहा बघायला जायचात. म्हणायचात, पुढच्या वर्षी तुला नेतो." काकूंनी खळग्यावरून बोट फिरवलं. "म्हटलं, तोवर घरातली बघू."

सरांनी गवंड्याची हातोडी धरली. एवढा तुकडा राहू दे, म्हणाले. मग डुगडुगणारं पातेलं कोण धरणार, असं काकूंनी विचारलं. मी धरीन, सर म्हणाले. गवंड्यानं कानामागची पेन्सिल काढली, दोघांकडे पाहिलं आणि परत कानामागे ठेवली.

काकूंनी टोपलीतलं लिंबू घेतलं, चिरलं, खळग्याशेजारी पेला ठेवला आणि पिळलं. "दादा," त्या गवंड्याला म्हणाल्या, "त्या टोकापासून सुरू करा. इथलं राहू दे."

चार थेंब निसटले. खळग्यात जमले आणि पन्हळीतून वाट काढत निघाले. सर श्वास रोखून, नाक जवळजवळ फरशीला टेकवून पाहत राहिले.

"बघत काय बसलात?" काकू म्हणाल्या. "ते फडकं द्या इकडे."